मांडव उतरला, फुले उरली

भाद्रपदात रायगड जिल्ह्यातल्या पेणला भोगावतीच्या काठी किंवा रोह्याला कुंडलिकेच्या घाटावर गणपती विसर्जनाला येतात, तेव्हा मूर्ती पाण्यात जाण्याआधी तिच्या गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला जातो. त्या दिवशी त्या हाराला निर्माल्य म्हणतात, आणि नावाबरोबर त्याला मानही मिळतो. तो कुणाच्या पायाखाली येऊ नये याची काळजी घेतली जाते, त्याच्यासाठी वेगळे पिंप ठेवलेले असते, गोळा करायला माणसे उभी असतात. दोन-अडीच महिन्यांनी तुळशीची लग्ने लागतात, लग्नसराई सुरू होते, आणि याच गावांतल्या मंगल कार्यालयांत तोच झेंडू, तीच शेवंती, तोच निशिगंध पोत्यांनी आणि खोक्यांनी येऊन उतरतो. रात्री स्वागत समारंभ आटोपून मांडव उतरवायला घेतला, की हीच फुले उष्ट्या पत्रावळ्या, उरलेला भात आणि पाण्याच्या बाटल्यांबरोबर एका ढिगात जातात. तिथे त्यांना कुणी निर्माल्य म्हणत नाही, म्हणून त्यांच्यासाठी कुणी पिंपही ठेवत नाही. लग्नात उरलेल्या फुलांचे करायचे काय, या प्रश्नाला उदबत्तीपासून रंगापर्यंत बरीच उत्तरे सुचवली जातात. पेण-रोह्यासारख्या गावांसाठी मात्र पहिले उत्तर जवळच आहे: गणपतीच्या दहा दिवसांत जी शिस्त आपण पाळतो, ती लग्नसराईला लावायची. बाकीचे उपयोग त्यानंतरचे, आणि त्यावरच अवलंबून असलेले.

जुन्या कोकणी लग्नात हा प्रश्न उभाच राहत नसे. मांडवडहाळे म्हणजे आंब्याचे टहाळे, दाराशी केळीचे खांब, डोक्यावर नारळाच्या झावळ्या. कार्य उरकले की झावळ्या आडोशाला किंवा चुलीत जात, केळीचे खांब परसातल्या खड्ड्यात कुजत, आंब्याची पाने सुकून आपोआप गळत. फुले असत ती हार, मुंडावळ्या आणि वेण्यांपुरती. खारेपाटातल्या, म्हणजे इथल्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, आगरी लग्नात धवळारीण धवळे गाऊन लग्न लावी, त्या मांडवातही जे बांधले जाई ते सगळे गावच्याच झाडांचे असे आणि गावच्याच मातीत परत जाई. आजचा मांडव निराळा आहे. प्रवेशाची कमान, स्टेजमागचा पडदा, नवरा-नवरीचा सोफा, गाडी, आणि हळदीचा वेगळा पिवळाधमक देखावा, या सगळ्याला फुले लागतात आणि ती दादर-कल्याणसारख्या मोठ्या फुलबाजारांतून टेम्पोने येतात. त्यातली झेंडूची एकच माळ हातात घेऊन नीट पाहिली तरी अडचण कुठे आहे ते कळते. फुलांचे देठ खुडलेले असतात, मधून नायलॉनचा दोरा गेलेला असतो, टोकाला तारेचा आकडा असतो. फुले चार दिवसांत काळी पडतील आणि दोन-तीन महिन्यांत मातीशी एकजीव होतील. दोरा आणि तार मात्र तशीच राहतील. कुणाच्या तरी शेतात खताबरोबर पसरली जातील किंवा उकिरड्यावर चरणाऱ्या गाईच्या पोटात जातील. गुलाब आणि जरबेरा खोचायला वापरतात ती हिरवी, पाणी शोषणारी फोमची वीटही एक प्रकारचे प्लास्टिकच असते. ती कुजत नाही, चुरडून तिचे बारीक कण होतात. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने तर २०२१ पासून आपल्या फुलप्रदर्शनांत या फोमला बंदी केली आहे.

फुले नैसर्गिकच ना, मग नदीला वाहिली तर बिघडले कुठे, असे अनेकांना प्रामाणिकपणे वाटते. पाणी खळाळते आणि फुले मूठभर असतील, तर फारसे बिघडत नाहीही. पण लग्नसराई येते ती पाऊस सरल्यावर, नद्यांचा जोर ओसरत चाललेला असताना. पुलावरून रिकामी केलेली पोतीभर फुले पाण्यात कुजू लागतात तेव्हा त्यांना कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू खाऊन टाकतात. पाण्याला वास येतो आणि माशांचा श्वास कोंडतो. कुंडलिकेला भिऱ्याच्या वीजप्रकल्पातून सुटणारे पाणी बारमाही मिळते हे खरे, पण तिच्याच काठी धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत आहे. आधीच भार सोसणाऱ्या नदीवर आणखी भार टाकण्याचे कारण नाही. कचऱ्याच्या ढिगात घातल्यानेही सुटका नाही. फुलांच्या वजनात ऐंशी-पंच्याऐंशी टक्के पाणीच असते. अशी ओली फुले प्लास्टिक आणि अन्नाखाली दाबली गेली की तिथे हवा पोचत नाही, ती सडतात, त्यातून मिथेन वायू आणि काळे, दुर्गंधीचे पाणी निघते. म्हणजे नदी आणि उकिरडा या दोन्ही सोप्या वाटा शेवटी महागच पडतात.

देशात या प्रश्नावर मोठी कामे झाली आहेत आणि त्यांचे कौतुक करावे तितके थोडे. कानपूरची ‘फूल’ ही कंपनी मंदिरांतल्या फुलांपासून उदबत्त्या करते. तिरुमला तिरुपती देवस्थानने २०२१ मध्ये वापरलेल्या फुलांच्या उदबत्त्या विक्रीला आणल्या. मुंबईत ‘आदिव प्युअर नेचर’ ही संस्था सिद्धिविनायकाला वाहिलेल्या फुलांच्या रंगात कापड रंगवते. ही उदाहरणे वाचून पेणलाही एक उदबत्तीचा कारखाना निघावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे: फुले रोज येतात आणि ठरलेल्या जागी येतात. लग्नाची फुले मुहूर्तावर येतात. एका तिथीला गावातली सगळी कार्यालये भरलेली, तर पुढचा आठवडा मोकळा. चातुर्मासात तर मांडवच नाही. शिवाय २०११ च्या जनगणनेत पेण शहराची वस्ती सदतीस हजारांच्या वर आणि रोहा-अष्टमीची वीस हजारांच्या वर होती. एवढ्या गावाच्या लग्नांवर यंत्र आणि मजूर वर्षभर पोसले जाणार नाहीत. अमेरिकेत २००८ साली नॉक्सव्हिल शहरात सुरू झालेली ‘रँडम ॲक्ट्स ऑफ फ्लॉवर्स’ ही संस्था समारंभांतली फुले पुन्हा नीट रचून रुग्णांना नेऊन देते. कल्पना सुंदर आहे, पण तिथल्या लग्नातली फुले लांब देठांची, पाण्यात उभी केलेली असतात. दुसऱ्या दिवशीही ती ताजी राहतात. आपल्याकडे बहुतेक फूल देठ खुडून दोऱ्यात ओवलेले असते. दुसऱ्यांचे उपाय उचलताना आपल्या हातातले फूल कोणत्या रूपात आहे, हे आधी पाहिले पाहिजे.

आपल्या फुलांकडे या नजरेने पाहिले तर त्यांचे उपयोग वेळेनुसार लागतात. पहिला काळ तासांचा. या काळात फूल अजून फूल असते, म्हणून ते फूल म्हणूनच वापरले जावे. हळद आणि लग्न लागोपाठच्या दिवशी असतील तर हळदीच्या मांडवातल्या झेंडूच्या माळा उतरवून, पाणी शिंपडून, ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवल्या तर दुसऱ्या दिवशी कमानीला सहज चालतात. झेंडू दोन-तीन दिवस दम धरतो. त्यासाठी दोन्ही कार्ये एकाच डेकोरेटरकडे असावी लागतात. देठांची फुले, म्हणजे गुलाब, जरबेरा, निशिगंधाच्या काड्या, शेजारच्या शाळेत, वाचनालयात किंवा वृद्धाश्रमात सकाळी देता येतात. ती देवळात मात्र देऊ नयेत. वापरलेले, शिळे फूल देवाला वाहायचे नाही हा संकेत जुना आहे आणि तो मोडण्याचे काही कारण नाही. रुग्णालयातही विचारल्याशिवाय नेऊ नयेत, अतिदक्षता विभागात तर नाहीच. ‘दुसऱ्याच्या लग्नातली उतरलेली फुले आम्हाला कशाला’ असे कुणाला वाटू शकते, आणि ज्याला तसे वाटते त्याला ती देऊ नयेत. फूल ना फुलाची पाकळी म्हणून द्यायचे, तर ते घेणाऱ्याला विचारूनच दिले पाहिजे.

दुसरा काळ दिवसांचा, आणि तो रंगाचा. झेंडूच्या पाकळ्यांत दोन प्रकारची रंगद्रव्ये असतात. ल्युटिन हे तेलात विरघळते. उद्योगात ते काढून कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, म्हणजे अंड्याचा बलक पिवळाजर्द होतो. कापडाला लागतो तो रंग निराळा, पाण्यात उतरणारा. पाकळ्या तोडून सावलीत वाळवायच्या, कापडाच्या वजनाइतक्या घेऊन तासभर उकळायच्या, आणि आधी तुरटीच्या पाण्यात भिजवलेले सुती कापड त्यात बुडवायचे. तुरटी रंगाला धाग्याशी बांधून ठेवते. गंजलेल्या लोखंडाचे पाणी घातले तर पिवळ्याचा शेवाळी होतो. हे घरच्या पातेल्यातले काम आहे; त्याला कारखाना लागत नाही, आणि वाळवलेल्या पाकळ्या टिकत असल्याने मुहूर्तांच्या अनियमितपणाचाही त्रास नाही. पेणला याची आणखी एक वाट आहे. पेण शहर आणि हमरापूर-जोहे परिसरात गणेशमूर्तींचे शेकडो कारखाने आहेत, आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मूर्तींसाठी फुले, साली, पाने, मुळे यांपासून केलेले नैसर्गिक रंग सुचवलेले आहेत. झेंडूच्या अर्कात तुरटी आणि मग थोडा धुण्याचा सोडा घातला की पिवळा साका तळाशी बसतो. तो गाळून वाळवला की रंगाची पूड मिळते. असा वनस्पतीचा रंग उन्हात लवकर उडतो, हा त्याच्यावरचा नेहमीचा आणि खरा आक्षेप. भिंतीच्या रंगाला तो घातकच आहे. पण घरातली गणेशमूर्ती मखरात बसते दीड दिवस, पाच दिवस, सहसा फार तर दहा. जिथे रंगाने वर्षानुवर्षे टिकावे अशी अपेक्षाच नाही, तिथे ही उणीव बरीचशी गळून पडते. रंगकाम शेवटच्या महिन्यांत होणाऱ्या शाडूच्या थोड्या मूर्तींवर, निदान पितांबरापुरता, हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. सगळ्या पेणचा रंगाचा बाजार यातून भागणार नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे.

तिसरा काळ महिन्यांचा, आणि बहुतांश फुले अखेर इथेच येणार: खत. फुले ओली आणि नत्रयुक्त असतात, म्हणून ती एकटी कुजवली तर चिखल होतो. त्यांना कोरड्या सोबत्याची गरज असते. भाताच्या या मुलखात तूस आणि सुका पालापाचोळा यांना तोटा नाही. दोरा, तार, टाचण्या काढून टाकलेली फुले घमेलेभर, सुका पाला घमेलेभर, वर थोडा शेणकाला, असे थर एका खड्ड्यात द्यायचे. मिश्रण मुठीत घट्ट आवळल्यावर एखाद-दुसरा थेंबच टपकावा, एवढीच ओल हवी. आठवड्याला एकदा ढीग खालीवर केला की आत हवा खेळते, ढीग तापतो आणि दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येणारे काळे खत तयार होते. इथे कोकणचे वेळापत्रक मदतीला येते. मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंतच्या लग्नांची बरीच फुले मृगाच्या आधी खत होऊन हातात पडतात, म्हणजे शेतकरी भाताच्या रोपवाटिकेची तयारी करतो नेमक्या त्याच वेळी. जिथे अजूनही पालापाचोळा शेतात जाळून राब भाजला जातो, तिथे त्यातला काही पाला जाळण्याऐवजी या खड्ड्यात आला तर तो धूर न होता मातीत जाईल. आणि लग्नसराई थांबते तेव्हा श्रावणातली देवळे, भाद्रपदातले गणपती, आश्विनातली नवरात्र आणि दसरा यांची फुले सुरू होतात. खड्डा एकच ठेवला, तर तो जवळजवळ वर्षभर चालतो. अट एकच: तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात त्यावर पक्के छप्पर हवे.

असा खड्डा चालवणे ही रायगडला नवी गोष्ट नाही. रेवदंड्याच्या डॉ. श्री. नानासाहेब धर्माधिकारी प्रतिष्ठानचे श्रीसदस्य गेली अनेक वर्षे जिल्ह्यातल्या विसर्जनस्थळांवर निर्माल्य गोळा करतात, दोरे आणि प्लास्टिक वेगळे काढतात, त्याचे खत करतात आणि ते झाडांना घालतात. म्हणजे जागा कशी निवडायची, हात कुठून आणायचे, खत कसे करायचे, हे ज्ञान इथे आहेच. उणीव आहे ती लग्नाच्या फुलांना त्या वाटेवर आणून सोडणाऱ्याची. यावर पहिला आक्षेप येईल तो आकाराचा: एवढ्याशा फुलांचे खत ते किती होणार? हिशेब मांडून पाहू. शंभर किलो ताज्या फुलांतले पाणी वजा केले तर पंधरा-वीस किलो कोरडा ऐवज उरतो. कुजताना त्यातला साधारण निम्मा हवेत जातो. पाल्याची भर धरूनही खताची दोन-चार पोती भरली तर खूप झाली. खत विकून कुणी श्रीमंत होणार नाही, खारेपाटाची जमीनही सुधारणार नाही. तिच्यासाठी पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राचे भाताचे वाण आणि भक्कम बांध हेच उपाय आहेत. खताचे मोल त्याच्या भावात शोधूच नये. शंभर किलो ओला, सडणारा माल कचऱ्याच्या गाडीत चढला नाही, ढिगावर सडला नाही आणि नदीत गेला नाही, हीच त्यातली कमाई आहे. गाडीत ओला माल मिसळला नाही की उरलेला सुका कचराही कोरडा राहतो आणि भंगारवाल्याच्या उपयोगाचा ठरतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा: हे सगळे करायचे कुणी आणि पैसे कुणी द्यायचे? उत्तर रिकाम्या टेम्पोत आहे. डेकोरेटरचा टेम्पो मांडव उतरवून परत जाणारच असतो. फुलांची पोती वेगळी भरलेली असतील तर ती वाटेत खड्ड्याजवळ उतरवायला लागतात दहा मिनिटे. महाग पडते ते नंतर वेगळे करणे. मिसळलेल्या ढिगातून फुले वेचायला कुणी परवडणार नाही आणि कुणाला ते करायला लावूही नये. कायदाही याच दिशेचा आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत, परवाना नसलेल्या जागी शंभराहून अधिक माणसांचा कार्यक्रम असेल तर आयोजकाने किमान तीन कामकाजाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावे आणि कचरा जागीच वेगळा करावा, असे सांगितले होते. तेव्हा वेगळे करणे ही काही उपकाराची गोष्ट नाही. नगरपरिषदेने एक छपराचा खड्डा द्यावा, कार्यालयाने फुलांसाठी दोन मोकळे क्रेट द्यावेत, डेकोरेटरने माणूस द्यावा. एकट्या कुणावर भार पडत नाही.

तिसरा आक्षेप अधिक मुळाशी जाणारा आहे: एवढी फुले हवीतच कशाला? कमी वापरा, नाहीतर दर वेळी धुऊन वापरता येतील अशी प्लास्टिकची लावा. यातला पहिला भाग रास्त आहे. न आणलेल्या फुलाची विल्हेवाट लावावी लागत नाही, आणि आंब्याच्या टहाळ्यांनी सजलेला मांडव कुणाला कमी शुभ वाटत नाही. प्लास्टिकचा भाग मात्र फसवा आहे. ती फुले काही हंगामांत विटतात, धूळ खातात आणि मग कायमचा कचरा होतात. शिवाय त्यांनी फूलशेती करणाऱ्या शेतकऱ्याची बाजारपेठ खाल्ली, ही तक्रार राज्यातले फूलउत्पादक सातत्याने करत आले आहेत. शेतकऱ्याचा झेंडू विकत घ्यावा, बेताने घ्यावा आणि तो शेतात परत जाईल असे पाहावे, यात विसंगती काही नाही. काळजी घ्यायची ती औषधांची. बाजारातल्या गुलाबावर कीटकनाशकांची फवारणी झालेली असू शकते, म्हणून उरलेल्या गुलाबांचा गुलकंद करण्याचा मोह आवरावा, आणि फुले गुरांनाही घालू नयेत. निळा-चंदेरी रंग फवारलेली, चमकी लावलेली फुले तर खड्ड्यातही नकोत.

या सगळ्यातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. फूल दोऱ्यातून सहज सुटेल का, फोममध्ये अडकलेले असेल का, त्याच्यावर चमकी असेल का, ते वेगळ्या पोत्यात उतरेल का, यांपैकी एकही गोष्ट लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ठरत नाही. ती ठरते डेकोरेटरला सुपारी देताना. त्या बैठकीत रंग ठरतो, कमानीची उंची ठरते, भाव ठरतो. तिथेच आणखी चार वाक्ये बोलून घ्यायची. माळा सुती दोऱ्यात ओवा. फोम नको, देठाची फुले पाण्याच्या भांड्यात ठेवा. चमकी आणि फवारलेला रंग नको. आणि मांडव उतरवताना फुले वेगळ्या पोत्यात भरून सांगतो तिथे उतरवा. यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी एवढे बोलावे आणि ते सुपारीच्या चिठ्ठीवर लिहूनही घ्यावे. चिठ्ठीवर लिहिलेले रात्री बारा वाजता टेम्पो भरणाऱ्या पोरालाही दाखवता येते.